‘नाही’ म्हणण्याचेही शिक्षण हवे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



मुलांना मानसशास्त्र या विषयाची ओळख करून द्यावी, डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्यापलीकडेही शिकण्यासारखे काही आहे हे त्यांना कळावे, अशी चिटणीसांची सूचना होती. विषयाची व्याख्या सांगून मी तुम्हाला कंटाळा आणणार नाही. ती पाठ्यपुस्तकात सापडेल. मी तुम्हाला एका माणसाची हकिकत सांगणार आहे. या माणसाने आयुष्यभर असे प्रश्न विचारले की, ते ऐकून चांगली शिकलेली माणसेही म्हणत, “यात संशोधन करण्यासारखे काय आहे?”

पण त्याआधी माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना आजही संकोच वाटतो.

मी तेव्हा चौथीत होतो. आमचे गुरुजी रोज पाढे विचारत. वर्गाचा एक नियम होता. जो चुकेल त्याचा कान, बरोबर उत्तर देणाऱ्याने पिळायचा. तुमच्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांना हा नियम नवा नसेल. एके दिवशी माझ्या शेजारी बसणारा मित्र सतराच्या पाढ्यात अडखळला. गुरुजींनी मला उभे केले. मला उत्तर येत होते. मी ते सांगितले आणि मित्राचा कान हलकेच धरला. गुरुजी म्हणाले, “असा नव्हे, जोरात.” मी जोरात पिळला. “आणखी.” मी आणखी पिळला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. गुरुजी मला “शाबास” म्हणाले आणि मी जागेवर येऊन बसलो. ज्याच्या डब्यातली भाकरी मी त्याच दुपारी खाल्ली होती, त्याचाच कान मी पिळला होता. घरी गेल्यावर अम्मीला मी एवढेच सांगितले, “आज मला उत्तर आले.” कानाची गोष्ट सांगितली नाही.

पुढे कॉलेजात गेल्यावर एका पुस्तकात मी एका प्रयोगाचे वर्णन वाचले आणि वाचता वाचता मला तो कान आठवला. तो प्रयोग करणारा माणूस म्हणजे स्टॅन्ले मिलग्रम. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे.

मिलग्रमचा जन्म 1933 साली न्यूयॉर्क शहरातील ब्रॉन्क्स भागात झाला. आईवडील युरोपातून आलेले ज्यू होते. वडील बेकरीत पाव भाजण्याचे काम करीत. श्रीमंती नव्हती, पण घरात शिक्षणाची किंमत होती. कॉलेजात त्याने राज्यशास्त्र घेतले. पदवी मिळण्याच्या सुमारास त्याला कळले की हार्वर्ड विद्यापीठात माणसांच्या सामाजिक वर्तनाचा अभ्यास होतो. त्याने अर्ज केला. उत्तर आले की तुम्ही मानसशास्त्राचा एकही विषय शिकलेला नाही, सबब प्रवेश देता येत नाही.

विद्यार्थी मित्रहो, येथे थोडे थांबा. असे पत्र आले तर आपण काय करतो? नशिबाला दोष देतो आणि दुसरी वाट धरतो. मिलग्रमने 1954 सालच्या उन्हाळ्याच्या एकाच सुट्टीत न्यूयॉर्कमधील निरनिराळ्या कॉलेजांत जाऊन मानसशास्त्राचे सहा विषय पुरे केले आणि हार्वर्डचा दरवाजा पुन्हा ठोठावला. या वेळी तो उघडला.

तेथे त्याला सॉलोमन ॲश या संशोधकाच्या हाताखाली काम करण्याची संधी मिळाली. ॲशने एक साधा प्रयोग केला होता. एका कागदावर एक रेघ आणि दुसऱ्यावर तीन रेघा काढायच्या. तीनपैकी कोणती रेघ पहिलीएवढी आहे ते सांगायचे. उत्तर लहान मुलालाही दिसावे इतके स्पष्ट. मात्र खोलीत बसलेले इतर सर्वजण संशोधकाचेच लोक असत आणि ठरवून चुकीचे उत्तर देत. अशा वेळी एकट्या पडलेल्या माणसाची सुमारे एक तृतीयांश उत्तरे इतरांच्या चुकीबरोबर वाहवत गेली. स्वतःचे डोळे सांगत होते एक आणि तोंडातून निघत होते दुसरे. मिलग्रमने डॉक्टरेटसाठी याच धर्तीचा अभ्यास नॉर्वे आणि फ्रान्समध्ये केला.

परंतु त्याच्या मनात एक मोठा प्रश्न सलत होता. रेघांच्या बाबतीत माणूस इतरांचे ऐकतो, हे खरे. पण उद्या त्याला एखाद्या निरपराध माणसाला इजा करायला सांगितले तर? हा प्रश्न त्याला पुस्तकातून सुचला नव्हता. हिटलरच्या राजवटीत सुमारे साठ लाख ज्यूंची कत्तल झाली होती. ते काम चार-दोन राक्षसांचे नव्हते. आगगाड्यांची वेळापत्रके आखणारे, याद्या करणारे, पहारे देणारे असे हजारो साधे संसारी लोक त्यात सामील होते. 1961 सालच्या एप्रिलमध्ये जेरुसलेम येथे आइकमन या नाझी अधिकाऱ्यावरचा खटला सुरू झाला. आपण वरून आलेले हुकूम पाळले, असा त्याचा बचाव होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये येल विद्यापीठात मिलग्रमचा प्रयोग सुरू झाला.

न्यू हेवन शहरातील वर्तमानपत्रात जाहिरात आली की स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसे हवी आहेत, चार डॉलर आणि प्रवासाचे पन्नास सेंट मिळतील. कारकून, कामगार, विक्रेते, शिक्षक असे सर्व थरांतील लोक आले. आलेल्या माणसाला ‘शिक्षक’ केले जाई. दुसऱ्या एका गृहस्थाला ‘विद्यार्थी’ म्हणून पलीकडच्या खोलीत खुर्चीला बांधले जाई. शिक्षकाने शब्दांच्या जोड्या विचारायच्या आणि विद्यार्थी चुकला की विजेचा झटका द्यायचा. प्रत्येक चुकीला पुढची कळ दाबायची. समोरच्या यंत्रावर अशा तीस कळा होत्या. पहिली 15 व्होल्टची, शेवटची 450 व्होल्टची.

खरे तर वीज कोठेच जात नव्हती. ‘विद्यार्थी’ हा मिलग्रमचाच माणूस होता. राखाडी कोट घालून शेजारी उभा राहणारा, शास्त्रज्ञासारखा दिसणारा गृहस्थ हा एका शाळेतील जीवशास्त्राचा शिक्षक होता. पण कळ दाबणाऱ्याला यातले काहीच माहीत नसे. 300 व्होल्टला पलीकडून भिंतीवर धडका ऐकू येत. त्यानंतर उत्तरे येणे बंद होई. कळ दाबणारा घाबरून शेजारच्या गृहस्थाकडे पाही. तो गृहस्थ ओरडत नसे, धमकी देत नसे. शांतपणे एवढेच सांगे की प्रयोगासाठी पुढे जाणे आवश्यक आहे.

किती लोक शेवटच्या कळेपर्यंत जातील? मिलग्रमने हा प्रश्न मनोविकारतज्ज्ञांना विचारला होता. त्यांचा अंदाज होता, हजारात एखादा. प्रत्यक्षात पहिल्या चाळीसांपैकी 26 जण शेवटच्या कळेपर्यंत गेले. म्हणजे शंभरात पासष्ट. आणि 300 व्होल्टच्या आधी थांबलेला एकही नव्हता.

ही माणसे क्रूर होती काय? मुळीच नाही. त्यांना घाम फुटत होता, हात कापत होते, बोबडी वळत होती. काहीजण विचित्र हसत होते. ते हसणे आनंदाचे नव्हते. “हे बरोबर नाही” असे ते तोंडाने म्हणत आणि हाताने पुढची कळ दाबत. जर्मन लोकच जात्या आज्ञाधारक असतात की काय, ते नंतर तपासावे, असा मिलग्रमचा आधी विचार होता. अमेरिकेतले आकडे पाहिल्यावर जर्मनीला जाण्याचे कारण उरले नाही. पुढे स्त्रियांवर हाच प्रयोग केला तेव्हाही प्रमाण पासष्टच निघाले.

चौथीच्या वर्गातला मी या पासष्टांत होतो, हे मला त्या दिवशी कळले.

मात्र या प्रयोगाचा पहिलाच आकडा लोक लक्षात ठेवतात आणि पुढचा भाग विसरतात. मिलग्रमने हा प्रयोग थोडा थोडा बदलून अनेकदा केला. झटका घेणारा माणूस त्याच खोलीत समोर बसवला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे शंभरात चाळीस उरले. त्याचा हात स्वतःच्या हाताने पट्टीवर दाबून धरायला सांगितले, तेव्हा तीस. हुकूम देणारा खोलीबाहेर जाऊन टेलिफोनवरून सांगू लागला, तेव्हा केवळ वीस-एकवीस. आणि कळ दाबणाऱ्याच्या बरोबर आणखी दोघे बसवले, आणि त्या दोघांनी ठरल्याप्रमाणे मध्येच “आम्ही हे करणार नाही” म्हणून काम सोडले, तेव्हा चाळीसांपैकी केवळ चारजण शेवटपर्यंत गेले. शंभरात दहा!

पालकहो, हा शेवटचा आकडा जपून ठेवा. माणसाला वाईटापासून परावृत्त करणारी सर्वांत मोठी शक्ती त्या प्रयोगात दिसली, ती म्हणजे शेजारी बसलेला, “नाही” म्हणणारा माणूस.

या कामाने मिलग्रमला कीर्ती मिळाली, तसा मनस्तापही मिळाला. 1963 साली निबंध प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी जाहीर आक्षेप घेतला की, विश्वासाने आलेल्या माणसांना फसवून त्यांना एवढा मानसिक त्रास देण्याचा अधिकार संशोधकाला कोणी दिला? हा आक्षेप रास्त होता. मिलग्रमचे म्हणणे असे की, नंतर आम्ही लोकांना सत्य सांगितले आणि विचारल्यावर 84 टक्के लोकांनी भाग घेतल्याचे समाधानच व्यक्त केले. तथापि 2012 साली जीना पेरी या लेखिकेने जुनी कागदपत्रे तपासून दाखवून दिले की अनेकांना संपूर्ण सत्य लगेच सांगितले गेले नव्हते, आणि काहींना झटके खोटे असल्याचा संशयही आला होता. आज असा प्रयोग मूळ स्वरूपात करता येत नाही. 2009 साली जेरी बर्गर यांनी तो 150 व्होल्टपाशी थांबवून पुन्हा केला, तेव्हा सुमारे सत्तर टक्के लोक त्यापुढेही जायला तयार होते. म्हणजे मिलग्रमच्या पद्धतीत दोष होते, पण त्याचा प्रश्न खोटा नव्हता. विद्वानाचा आदर करावा आणि त्याची चूकही सांगावी. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हेही मुलांना कळले पाहिजे.

हार्वर्डने त्याला पुढे कायमची नोकरी दिली नाही. 1967 साली तो न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत प्राध्यापक झाला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. आणि त्याने आणखी काय केले? आणखी विचित्र प्रश्न विचारले!

भर रस्त्यात एक माणूस उभा राहून वर पाहू लागला, तर किती जण थांबतील? त्याने मोजले. एकटा माणूस वर पाहत असेल तर जाणाऱ्यांपैकी चार टक्के थांबतात, पंधरा जण पाहत असतील तर चाळीस टक्के थांबतात. वर पाहण्यासारखे काहीच नव्हते, हे सांगायला नकोच.

दोन अनोळखी माणसांच्या मध्ये ओळखीच्या किती कड्या असतात? त्याने दूरच्या नेब्रास्का राज्यातील आणि बॉस्टनमधील लोकांना पाकिटे दिली आणि सांगितले की बॉस्टनजवळच्या अमुक एका गृहस्थाकडे ही पोचवा, पण केवळ आपल्या ओळखीच्या माणसाच्या हातून. 296 जणांना दिलेल्या पाकिटांपैकी 64 पोचली. मधल्या माणसांची सरासरी होती सुमारे पाच. जग लहान आहे असे आपण सहज म्हणतो, त्याने ते मोजायचा प्रयत्न केला.

एकदा त्याच्या सासूबाईंनी तक्रार केली की हल्लीची तरुण मुले गाडीत म्हाताऱ्यांना जागा देत नाहीत. आपण मान डोलावून विषय सोडला असता. मिलग्रमने विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पाठवले आणि धडधाकट तरुणांना सांगितले की, कोणतेही कारण न देता बसलेल्या माणसाला विचारा, “मला तुमची जागा द्याल का?” सर्वांना वाटले, लोक अंगावर येतील. प्रत्यक्षात सुमारे 68 टक्के लोकांनी उठून जागा दिली किंवा सरकून जागा केली. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. पण गंमत पुढे आहे. विद्यार्थी म्हणाले, विचारणेच फार कठीण जाते. मिलग्रम स्वतः गेला. त्याचे शब्द घशात अडकले. शेवटी जागा मिळाली तेव्हा आपण आजारी आहोत असे दाखवण्याची इच्छा त्याला आवरेना. हुकूम मोडणे का जड जाते, ते त्याला त्या दिवशी स्वतःच्या शरीरात कळले. समाजाचा एक क्षुल्लक, न लिहिलेला नियम मोडतानासुद्धा गळा आवळला जातो.

20 डिसेंबर 1984 रोजी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. वय अवघे 51 होते.

आता मला आपल्याला काय सांगायचे आहे ते स्पष्ट सांगतो.

आपल्या घरांत मुलांना आज्ञाधारकपणा शिकवला जातो, आणि तो शिकवलाच पाहिजे. वडीलधाऱ्यांचे न ऐकणारे घर, शिक्षकांचे न ऐकणारी शाळा, सिग्नल न पाळणारा रस्ता चालू शकत नाही. मिलग्रमलाही हे मान्य होते. पण ऐकण्याचे शिक्षण आपण मुलाला बोलू लागल्यापासून देतो, आणि “नाही” म्हणण्याचे शिक्षण मात्र एक दिवसही देत नाही. मग ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते, त्या दिवशी मुलाच्या तोंडातून तो शब्द निघत नाही.

हा दिवस केव्हा येतो? तो हिटलर घेऊन येत नाही. वसतिगृहातला वरच्या वर्गातला मुलगा म्हणतो, “त्या नव्याला जरा उभा कर.” महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, पण खोलीत त्या क्षणी कायदा नसतो, तुमचा मुलगा असतो. कोणीतरी मोबाईलवर एखाद्या मुलीची बदनामी करणारा मजकूर पाठवतो आणि सांगतो, “पुढे पाठव.” ज्याला इजा होते तो डोळ्यांसमोर नसला की कळ दाबणे सोपे जाते, हे आपण आताच पाहिले. नोकरीत साहेब म्हणतो, “येथे सही कर, जबाबदारी माझी.” आणि सुरुवात नेहमी 15 व्होल्टनेच होते. पहिली कळ इतकी किरकोळ असते की, तिला नकार देणे बावळटपणाचे वाटते. पुढची कळ मागचीपेक्षा थोडीच मोठी असते. म्हणून मुलांनो, थांबायचे असेल तर लवकर थांबा. आणि तुम्ही थांबलात तर तुमच्या शेजारचाही थांबण्याची शक्यता वाढते, हे लक्षात ठेवा. एकट्याचा नकार अनेकदा एकट्याचा राहत नाही.

पालकांना माझी विनंती एवढीच आहे. मुलाने किंवा मुलीने “असे का?” विचारले तर तो उद्धटपणा समजू नका. “अब्बा, हे मला बरोबर वाटत नाही,” असे ज्या घरात अदबीने म्हणता येते, त्या घरातले मूल बाहेरच्या माणसालाही तसे म्हणू शकते. घरात ज्याचे तोंड बंद केले, त्याचे तोंड बाहेर एकाएकी उघडत नाही. ऐकून घेतल्यानंतरही निर्णय तुमचाच राहू द्या, पण ऐकून घ्या.

आणि विद्यार्थ्यांनो, अकरावी-बारावीला कला शाखेत मानसशास्त्र हा विषय घेता येतो. त्यात नोकऱ्या किती आणि पगार किती, हे तुम्ही जरूर विचारा. पण त्याहून आधी हे पाहा की, लोक ज्याला काहीच किंमत देत नाहीत असा एखादा प्रश्न तुमच्या मनात आहे का? सासूबाईंच्या तक्रारीतून संशोधन निघू शकते. तुमच्या गल्लीत, मोहल्ल्यात, रांगेत, गाडीत असे प्रश्न रोज पडलेले असतात. ते उचलणारा हवा, आणि एका सुट्टीत सहा विषय पुरे करण्याची तयारी हवी.

शेवटी त्या कानाविषयी. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई झाली, हे फार चांगले झाले. काही वर्षांपूर्वी एका लग्नात माझा तो मित्र भेटला. मी धीर करून त्याला ती गोष्ट आठवण करून दिली आणि माफी मागितली. तो हसला. म्हणाला, “अरे, मला आठवते ना. दुसऱ्या दिवशी तू चुकलास, तेव्हा मी तुझा पिळला होता.”

मला ते मुळीच आठवत नव्हते. मी पिळलेला कान मला जन्मभर आठवला आणि माझा पिळलेला कान त्याला. गुरुजींचा नियम मात्र आम्हा दोघांपैकी एकालाही त्या वेळी चूक वाटला नव्हता. वर्गात आम्ही चाळीस मुले होतो. त्यांतील दोघांनी जरी उभे राहून “गुरुजी, आम्ही कान पिळणार नाही” असे म्हटले असते, तर?

आपल्या शाळेत अशी दोन मुले तयार व्हावीत, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.